कापडी गाईची डावी बाजू

टाचणीसारखी शिलाई अख्ख्या बाजारात कुणाला जमत नाही. खोटं वाटत असेल त्यानं गाड्यांच्या सीटा शिवणाऱ्या त्या दुकानात जावं आणि एखादी सीट डोळे मिटून चाचपून बघावी. जोड कुठे आलाय ते बोटाला सापडत नाही. दुकानावर पाटी थोरल्या भावाची, म्हणजे दादाची. फोम, फळ्या, हातोडा, गिऱ्हाइकाशी हुज्जत, हे सगळं दादाकडे. पण गिऱ्हाईक परत येतं ते टाचणीच्या शिवणीसाठी, हे दादाही मान्य करतो. आणि दादा सहसा कुणाचं काही मान्य करणाऱ्यातला नाही.

टाचणी हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. अंगानं काडी आणि ओठांत सदा दोन-तीन टाचण्या धरलेल्या, त्यामुळे बोलणंही ओठांच्या एका कोपऱ्यातून. शाळा नववीत सुटली. नापास झाली म्हणून नाही. वडील गेले आणि मशीनवर बसायला घरात दुसरं कुणी नव्हतं. तेव्हापासून एकोणीस वर्षं तेच मशीन आणि तीच खिडकी.

जनावरांच्या केंद्रातल्या मॅडम दुकानात आल्या त्या जीपची सीट शिवून घ्यायला. गावोगाव फिरून गुराढोरांवर पहिले उपचार करणारी माणसं त्या केंद्रात तयार होतात, आणि जनावराच्या अंगात काय कुठे असतं ते मॅडम त्यांना शिकवतात. टाचणीनं त्यांची जुनी सीट उसवायला घेतली, पण कात्री लावायच्या आधी तिनं कागदावर सीटच्या आतलं सगळं काढलं. स्प्रिंग कुठे, काथ्या कुठे, पट्टे कुठून कुठे गेलेत. मॅडम उभ्या राहून बघत होत्या.

"ताई, उघडायच्या आधीच आतलं कसं काढलंत?"

"चाचपून," टाचणी म्हणाली. "सीट सांगते ना."

आठवड्यानं मॅडम पुन्हा आल्या, काखेत गुंडाळलेले तक्ते घेऊन. त्यांना गाय हवी होती. कापडाची, खऱ्या मापाची, कुशी उघडून आतलं सगळं हातानं काढता आणि परत ठेवता येईल अशी. मेलेलं जनावर दर तुकडीला मिळत नाही, मिळालं तरी दोन दिवसांत वास मारतं, आणि एकदा कापलं की संपलं. प्लास्टिकची गाय बाहेरून मागवता येते, पण ती इतकी टणक की हाताला काही शिकवत नाही.

"मागच्या तुकडीत एक मुलगी होती," मॅडम म्हणाल्या. "पेपरात पैकीच्या पैकी. पहिल्याच गावात पोटफुगीची गाय आली. पोट वायूनं नगाऱ्यासारखं फुगलेलं, गाईला श्वास घेता येईना. अशा वेळी डाव्या भकाळीत, म्हणजे शेवटच्या बरगडीमागच्या खळग्यात, जाड पोकळ सुई खुपसून वायू सोडायचा असतो. पोरगी घाबरली आणि तिनं उजवीकडे खुपसली. उजवीकडे आतडी असतात. गाय दुसऱ्या दिवशी गेली."

"तिला डावं-उजवं माहीत नव्हतं?"

"माहीत होतं. तिच्या हाताला माहीत नव्हतं."

गाय पसंत पडली तर केंद्रात नमुने बनवायची कायमची जागा टाचणीला द्यायची, असं मॅडमनी त्यांच्या साहेबांकडून कबूल करून घेतलं होतं. पसंत पडली नाही, किंवा नवी तुकडी सुरू व्हायच्या सोमवारी तयार नसली, तर साहेब प्लास्टिकची मागवणार आणि विषय मिटणार. टाचणीनं दोन्ही गोष्टी ऐकल्या आणि तक्ते टेबलावर पसरले. तिला ती जागा हवी होती. एकोणीस वर्षं लोकांच्या बुडाखाली जाणारं शिवल्यावर, कुणीतरी बघून शिकेल असं काही तिला शिवायचं होतं. हे ती कधी तोंडानं बोलली नाही, पण दादाला कळत होतं.

पुढचे दोन महिने दुकानात जे चाललं ते बघायला लोक रस्त्यावर थांबायचे. तक्त्यांवरून तिनं कागदी फर्मे कापले. श्वासनळी केली पडद्याच्या कड्यांची. खऱ्या श्वासनळीच्या कड्या मागच्या बाजूला उघड्या असतात, म्हणजे शेजारच्या अन्ननळीतून मोठा घास जाताना तिला जागा मिळते. तेव्हा टाचणीनं प्रत्येक कडी करवतीनं एका बाजूला तोडली. हृदय केलं चार कप्प्यांचं, आणि कप्प्याकप्प्यात झडपा. झडप म्हणजे काय, तर खिशावरची पट्टी. रक्त एकीकडून आलं की पट्टी उघडते, उलट फिरू पाहिलं की मिटते. "एवढंच आहे होय," असं म्हणून तिनं दुपारच्या जेवणाआधी चारही बसवल्या.

आतडं चाळीस मीटर. तेवढी गुलाबी नळी शिवली आणि दोन-दोन मीटरनं उलटवली. आई कोपऱ्यात धागे तोडत बसलेली असायची. ती म्हणाली, "एवढं लांब गाईच्या पोटात मावतं आणि माझ्या कपाटात एक गोधडी मावत नाही." इथेच टाचणी तीन दिवस अडली. तक्त्यात चाळीस मीटर आतडं पाठीच्या कण्याखाली वीतभर जागेला टांगलेलं दिसायचं. मग एका सकाळी ती पोरीच्या फ्रॉकसारखी चुणीदार झालर शिवायला बसली. झालरीची वरची कड वीतभर, चुण्या सोडत गेलं की खालची कड चाळीस मीटर, आणि आतडं त्या खालच्या कडेला. मॅडमनी ते पाहिलं आणि खुर्ची ओढून बसल्या. शिकलेल्या माणसांना हे समजवायला त्यांना दोन तास लागायचे म्हणे. इथे नववीतून सुटलेल्या बाईनं चुण्या घालून दाखवलं. दादानं तेव्हा चहा मागवला आणि शेजारच्या दोन्ही दुकानांत जाऊन सांगून आला.

आणि पोटं. गाईला पोटाचे कप्पे चार. पहिलं कोटीपोट, शंभर लिटरच्या पिंपाएवढं. गाय भराभर चरते ते तिथे साठतं, आंबतं, आणि मग सावकाश तोंडात परत आणून ती रवंथ करते. त्याला आतून टॉवेलचं कापड, कारण खऱ्या पोटातही तशीच लव असते. दुसरं जाळीपोट, आतून मधाच्या पोळ्यासारखं, ते षटकोनी टाके घालून केलं. तिसरं पडदेपोट, आत वहीसारखी पानंच पानं. चौथं आपल्यासारखं खरं पोट. कोटीपोट एवढं थोरलं की डावी बाजू सगळी तेच अडवतं, आणि आतडी बिचारी उजवीकडे सरकतात. हे टाचणीला तोंडपाठ होतं. झोपेत विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

सोमवारच्या आधीच्या गुरुवारी गाय चार चाकांच्या फळीवर उभी राहिली. दोन्ही कुशींना चेन, शेपटी सोडून सगळं जागेवर. शेपटीचं मूळ कसं असतं ते बघायला टाचणी दुपारी दूधवाल्या काकूंच्या गोठ्यात गेली. काकूंची तांबडी गाय रवंथ करत उभी होती. टाचणी शेपटीकडे तोंड करायच्या आधी, सहज, गाईच्या डाव्या बाजूला टेकली आणि शेवटच्या बरगडीमागच्या खळग्यात मूठ ठेवली. मॅडम म्हणाल्या होत्या तसं झालं. आतून काहीतरी सावकाश वर आलं, मूठ बाहेर ढकलली आणि घरंगळल्यासारखं खाली गेलं. मिनिटभरानं परत.

"पोट ढवळतंय तिचं," काकू म्हणाल्या. "निरोगी आहे. हे थांबलं की समजायचं काहीतरी बिघडलं."

टाचणीची मूठ तिथेच राहिली. काल संध्याकाळी कापडी गाईच्या डाव्या कुशीत हात घालून तिनं झालर सारखी केली होती. झालर. डावीकडे. मग ढवळणारं हे पोट तिच्या गाईत कुठे होतं?

शेपटी न बघताच ती परत आली. डावी चेन उघडली, हात घातला. आतडी. उजवी उघडली. कोटीपोट.

"दादा," ती म्हणाली, "गाय उलटी झालीये."

"पडली?"

"पडली नाही. आतून उलटी. डावं सगळं उजवीकडे गेलंय."

दादानं गाईभोवती एक फेरी मारली. "मग तोंड तिकडे करून उभी कर."

"तोंड फिरवलं की डावी बाजूपण फिरते रे."

दादानं तरी फळी ढकलून गाय फिरवली, वाकून आत बघितलं, बोटांवर डावं-उजवं केलं आणि गाय परत होती तशी लावली.

चूक कुठे झाली ते टाचणीला तोवर कळलं होतं. शिवणाऱ्याची सवय अशी की फर्मा कापडाच्या उलट्या बाजूवर ठेवायचा आणि तिथेच खडूनं आखायचं, म्हणजे सुलट्या बाजूला डाग नको. सीटला, झग्याला, कशालाही त्यानं बिघडत नाही. दोन बाह्या, दोन पाय, सगळं जोडीनं निघतं, डावं नाही झालं तर उजवं होतं. पण कोटीपोट एकच असतं. यकृत एकच. उलट्या बाजूवर आखलेला प्रत्येक अवयव शिवून सुलटा केला की आरशातल्यासारखा झाला. आणि सगळेच आरशातले, म्हणून एकमेकांत इतके चपखल बसले की कुठे खटकलंच नाही. मॅडम दोनदा येऊन गेल्या, पण त्यांनी बघितले ते टेबलावर उलट्या बाजूनं पसरलेले सुटे तुकडे. उलट्या बाजूनं ते बरोबरच दिसत होते.

"हे बघ टाचणे," दादा म्हणाला, "मॅडमना कळलं नाही ते साहेबाला काय कळणार? सोमवारी पसंत करून घेऊ. जागा मिळाली की मग सवडीनं कर दुरुस्त."

"आणि सोमवारी चाळीस जण हात घालून शिकतील त्याचं काय?"

"एक तुकडी."

"एकेकाच्या हाताखाली गाई किती येतील?"

आई कोपऱ्यातून म्हणाली, "तू तिला समजावतोयस? लहानपणी बटण वाकडं लागलं तर अख्खा सदरा उसवायची ही."

"शुक्र, शनि, रवि," टाचणी म्हणाली. "नाही झालं तर मीच मॅडमना सांगेन, प्लास्टिकची मागवा."

शुक्रवारी सकाळी तिनं गाय रिकामी केली. दोन महिन्यांचं काम टेबलावर ढीग होऊन पडलं. नव्यानं सगळं कापायला तीन दिवस पुरणार नव्हते, हे आंधळ्यालाही दिसत होतं. ती ढिगाकडे बघत बसली आणि समोर दादा ठोकाठोकी करत होता. दादाचा डाव्या हाताचा मोजा कायम हरवतो. मग तो उजव्या हाताचाच मोजा आतबाहेर उलटा करून डाव्या हातात घालतो. टाचणी त्या मोज्याकडे किती वेळ बघत होती कोण जाणे.

"दादा, तो काढ."

तिनं मोजा उलटा केला, सुलटा केला, परत उलटा केला. मग कोटीपोट ओढलं, त्यातला भुसा उपसला आणि तोंडातून हात घालून सगळं पोट मोज्यासारखं आतबाहेर केलं. आरशातलं पोट खरं झालं. दादाचा मोजा नसता तर गाय तिथेच संपली होती, हे इथे सांगून ठेवलेलं बरं.

पण एवढ्यानं भागत नव्हतं. टॉवेल आता बाहेर आला होता आणि शिवणींच्या कडाही. तिनं अस्तर आणि बाहेरचं कापड अशा दोन पिशव्या वेगळ्या केल्या. टॉवेलला दोन्हीकडून लव, त्यामुळे ती पिशवी उलटली तरी तशीच. ती परत आत गेली. बाहेरच्या पिशवीच्या कडांवर तिनं पायपिंग, म्हणजे कडा झाकणारी पट्टी, बसवलं, आणि बसवताना तिच्या लक्षात आलं की कोटीपोटावर बाहेरून ज्या खाचा असतात, शिवणी नेमक्या त्यांवरूनच गेल्यात. यकृत उलटलं. प्लीहा उलटली. झालर नुसती पालथी घातली. जाळीपोट मधोमध, दोन्हीकडून सारखं, त्याला हातही लावावा लागला नाही. पडदेपोट मात्र उलटं केलं तर आतली पानं बाहेर येणार. ते सगळं उसवलं आणि एकेक पान परत शिवलं. हृदयाचंही तेच.

शनिवारी फुफ्फुसं अडली. ती फुगणारी होती, भात्यानं हवा भरायची, म्हणून रबर लावलेल्या कापडाची. रबर एकाच बाजूला. उलटली असती तर हवा धरली नसती. आणि तशीच ठेवावीत तर उजवं फुफ्फुस डाव्यापेक्षा मोठं असतं, ते नेमकं उलट झालेलं. बाजारात तसं कापड मंगळवारी येणार होतं.

"माझा रेनकोट घे," दादा म्हणाला.

"घेतलाय," टाचणी म्हणाली. एक बाही तोवर कापून झाली होती.

या वेळी तिनं फर्मा सुलट्या बाजूवर ठेवला, खडूचा डाग पडू दिला, आणि कापायच्या आधी दूधवाल्या काकूंच्या गोठ्यात जाऊन आली. गाईच्या डाव्या बाजूला, पुढच्या पायाच्या कोपराशी हात ठेवून हृदयाचे ठोके मोजले, मग उजव्या बाजूनं कान लावला, आणि राहिलेलं शेपटीचं मूळही बघून घेतलं. काकू म्हणाल्या, "माझ्या गाईचा नवरासुद्धा एवढी विचारपूस करत नाही."

दिवस मावळला की ती मशीन बंद करायची. दिव्याच्या उजेडात गुलाबी आणि फिकट तांबडं सारखं दिसतं, आणि परत उसवायची तिची तयारी नव्हती. जेवायला हाक मारली की जेवायची, पाच मिनिटांत परत मशीनवर. बोटांना सुई लागून लागून तिनं दोन बोटांना चिकटपट्टी गुंडाळली होती. रविवारी ऊन कलताना तिनं शेपटी जोडली, डाव्या कुशीची चेन लावली, भकाळीत मूठ ठेवली आणि दाबली. आत कोटीपोट होतं.

सोमवारी केंद्राच्या मोठ्या खोलीत गाय मधोमध. भोवती चाळीस जण, बाया आणि बाप्ये. मॅडम होत्या, साहेब होते. दादा खिडकीबाहेर उभा होता, कारण गाय आणली त्याच्याच टेम्पोतून. साहेबांनी डावी चेन उघडली, कोटीपोटावरून बोट फिरवलं आणि पायपिंगवर थांबले.

"हे ठिगळ लावल्यासारखं काय आहे?"

दादाच्या मनात होतं, म्हण की या खाचा आहेत. खोटंही नव्हतं ते.

"पोट उलटं करून परत शिवलंय साहेब," टाचणी म्हणाली. त्या दिवशी तिच्या ओठांत टाचण्या नव्हत्या. "आधी सगळी गाय आतून उलटी झाली होती. डावं उजवीकडे."

मॅडमनी तिच्याकडे झटकन बघितलं. "कधी कळलं?"

"गुरुवारी. खऱ्या गाईच्या कुशीला हात लावला तेव्हा."

"म्हणजे तक्त्यावरून कळलं नाही," साहेब म्हणाले. "पुढच्या वेळी परत तसंच होणार नाही कशावरून?"

"तक्त्यावरून कापलं तर होईल," टाचणी म्हणाली. "म्हणून मी तक्त्यावरून कापणार नाही. कात्री लावायच्या आधी मला ते जनावर समोर पाहिजे. हात लावून बघायला, रोज, काम संपेपर्यंत. ते जमण्यासारखं नसेल तर तुम्ही प्लास्टिकची मागवा."

खिडकीबाहेर दादा स्वतःशीच पुटपुटला. नोकरी द्यायला आलेल्या माणसाला अट घालतात का कुणी? पण ती तशीच उभी होती, चिकटपट्टीची बोटं गाईच्या पाठीवर ठेवून, आणि साहेब परत त्या पायपिंगवरून बोट फिरवत होते.

शेवटी मॅडमनीच पुढे होऊन पोटफुगीची सुई कुठे आणि का ते दोन्ही कुशी उघडून सगळ्यांना दाखवलं, मग चेना लावल्या आणि एक पट्टी काढली. एकेकाचे डोळे बांधायचे, स्वतःभोवती गोल फिरवायचं, गाईजवळ सोडायचं. चाचपून सांगायचं, सुई कुठे खुपसाल.

पहिली बाई शिंगांपासून चाचपत आली, बरोबर डाव्या भकाळीत थांबली. दुसरा आला, तिसरी आली. टाचणी प्रत्येकाचा हात बघत होती, तोंड कुणाचंच बघत नव्हती. सव्विसावा की सत्ताविसावा एक आडदांड माणूस होता, गाईला धडकलाच. तो उजव्या बाजूला गेला, बरगड्या मोजल्या, खळगा शोधला आणि ठामपणे हात दाबला. त्याच्या हाताखाली झालर सरकली, गुळगुळीत नळ्या इकडून तिकडे निसटल्या. तो थांबला. पुन्हा दाबून बघितलं. मग गाईच्या शेपटीला वळसा घालून पलीकडे गेला, डाव्या भकाळीत मूठ रोवली आणि म्हणाला, "इथे. तिकडे आतडी आहेत."

साहेब हळूच मॅडमकडे झुकले. दादा खिडकीत होता म्हणून त्याला ऐकू आलं.

"मागच्या आवारात एक गोठा बांधता येईल का हो?" ते म्हणाले. "ताईंना जनावर लागणार ना."

मॅडमनी मान हलवली. टाचणीला ऐकू गेलं असावं, पण तिनं वळून बघितलं नाही. अजून तेराचौदा जणांचे हात लागायचे होते, आणि उजव्या कुशीची चेन त्या आडदांडानं थोडी ओढली होती. तिनं सुई ओवली, दोन टाके घातले, धागा दातानं तोडला आणि पुढच्या बाईला म्हणाली, "या, तुम्ही या."